आक्काचं डावं शिंग

"म्हैस हसत नसते," उंबरेकाका म्हणाले.

"चित्रातली हसते."

"मग ती म्हैस नव्हे. म्हशीचं कातडं पांघरलेली बाई आहे ती. खोड ते."

मी खोडलं. तिसऱ्यांदा. कागदाला त्या जागी आता लव आली होती.

"मग ती खूश आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं?"

उंबरेकाकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. दोन्ही हातांचे पंजे कानांमागं धरले आणि सावकाश हलवले. एकदा पुढं, एकदा मागं. चेहरा दगडासारखा तसाच. बिराजदारसाहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढून हा प्रकार बघितला आणि मान परत आत घेतली.

"कान," काका म्हणाले. "म्हशीचं सगळं कानांत असतं."

*

मला हे सगळं चौकटींत आठवतं. आयुष्यभर चौकटीच काढल्या, दुसरं काय होणार. काही चौकटी हरवल्यात. त्यांच्या जागी नवीन काढून बसवलेल्या नाहीत.

चौकटीत कोण कोण आहे ते आधी.

डावीकडं मी. नागमणी गड्डम, वय तेवीस. वडील यंत्रमागावर. चित्रकलेचा डिप्लोमा झालेला, शाळेतली नोकरी लागायची होती. तोवर सोलापूरच्या दैनिक 'सीनाकाठ'मध्ये रविवारच्या पुरवणीसाठी चित्रं काढत होते. साल शहाऐंशी.

उजवीकडं विश्वनाथ उंबरे, वय एकसष्ट. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. मोहोळकडच्या खेड्यांत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत आणि त्यांनी तो गैरसमज कधी दूर केला नव्हता. बायको वारलेली. सोलापुरात एका खोलीत एकटे राहत आणि पुरवणीला जनावरांचे विनोद पाठवत.

मध्ये, मागच्या बाजूला, बिराजदारसाहेब. पुरवणीचे संपादक. त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं होतं.

"उंबरे, तुमच्या विनोदात जनावरं चांगली असतात, विनोद नसतो. हिच्या चित्रांत विनोद असतो, जनावरं नसतात. दोघं मिळून चार चौकटींची मालिका करा. आठ रविवार देतो. वाचकांची पत्रं आली तर चालू. नाही आली तर शब्दकोडं परत."

काकांनी एकच गोष्ट विचारली. "अंक कुठंपर्यंत जातो ओ?"

"इकडं करमाळा, तिकडं उमरगा."

"उमरग्यापर्यंत जातो?"

"जातो की. रविवारचा रविवारी पोचतो. दुपार होते."

"मग करतो," काका म्हणाले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला लांबवर छापून यायची हौस आहे.

*

दुसऱ्या दिवशी ते एक जाड रजिस्टर घेऊन आले. दवाखान्यात जनावर आलं की केसपेपर करायची सवय, तर मालिकेतल्या पात्रांचेही त्यांनी केसपेपरच केले होते.

केसपेपर १.
जनावर: म्हैस, पंढरपुरी. नाव: आक्का.
शिंगं: उजवं खांद्यापर्यंत, तलवारीसारखं. डावं अर्ध्यातून मोडलेलं.
खोड: न विचारता सल्ला देते.
भीती: सगळे बाहेर जातील आणि आपण दाव्याला राहू.

केसपेपर २.
जनावर: कोंबडा. नाव: सरपंच.
ओळखखूण: काळ्या शेपटीत एकच पांढरं पीस.
खोड: उशिरा आरवतो. मग म्हणतो, माझी वेळ बरोबर होती, सूर्यच घाईत आला.
भीती: एक दिवस आपण आरवणार नाही आणि तरी उजाडेल.

केसपेपर ३.
जनावर: बोका. नाव: उपाशी.
खोड: रोज कसला ना कसला उपास असतो. उपासाला दूध चालतं. साय चालते. कुणी बघत नसेल तर बोंबीलही चालतो.
भीती: आतून कडी लावलेलं दार.

केसपेपर ४.
जनावर: कुत्रा, गावठी. नाव: हवालदार.
ओळखखूण: डाव्या कानाला चीर.
खोड: येणाऱ्यावर भुंकत नाही. जाणाऱ्यावर भुंकतो.
भीती: तीच, कोणी जाईल.

"काका, हे उलटं झालंय. कुत्रं येणाऱ्यावर भुंकतं."

"आमचं उलटं होतं."

होतं म्हणाले. मी पेन्सिलीला टोक करत होते.

"आणि ही भीती कशाला? विनोदी मालिका आहे ना?"

"खोड छापायची. भीती छापायची नाही," ते म्हणाले. "पण काढताना तुला माहीत पाहिजे. दवाखान्यात जनावर आणलं की मालक सांगतो खातंय काय, हगतंय काय. ते बिथरतं कशाला, ते आपण बघायचं. नाहीतर लाथ बसते."

त्यांचं खरं होतं. सरपंच मी आधी छाती काढून उभा केलेला नुसता मिजासखोर कोंबडा होता. त्याची भीती वाचल्यावर मी छाती तशीच ठेवली आणि एक डोळा तिरका, पूर्वेकडं लावला. तेवढ्यानं तो जिवंत झाला. बिराजदारसाहेबही ते पान बघून "हा आमच्या चुलत्यासारखा दिसतोय" असं म्हणाले.

रजिस्टरात पाचवा केसपेपर होता. त्यावर 'धनी' एवढंच लिहिलं होतं.

"माणूस दाखवायचा नाही," काकांनी सांगितलं. "फक्त चपला. चौकटीच्या कडेला. चपला आल्या की सगळे गप्प होतात."

"धन्याची खोड?"

"ओरडतो."

"आणि भीती?"

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि टोपी घातली. "चार जनावरांवर भागव आत्ता."

*

मालिकेचं नाव 'गोठ्यातली मंडळी'. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एक पत्र आलं. शब्दकोडं का बंद केलं म्हणून विचारलं होतं.

टपाल अकराला यायचं. काका साडेदहापासून जिन्याजवळच्या बाकावर बसायचे. शिपायानं थैली ओतली की उठून उभे राहायचे, पण जवळ यायचे नाहीत.

"आलं का गं काही, मणी?"

"नाही काका."

"पाचच तर रविवार राहिलेत," एकदा मी म्हणाले. मलाही ती मालिका हवी होती. पहिल्यांदाच माझं नाव छापून येत होतं, आणि आमच्या गल्लीत 'सीनाकाठ' विकत घेणारी दोन घरं वाढली होती. "तुम्ही रोज कशाला हेलपाटा मारता? आलं की मी सांगेन."

"घरी बसून तरी काय करू?" ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला परत बाकावर.

*

पाचव्या रविवारची चित्रं करताना अडचण आली.

चार चौकटींत जो आधी बोलतो, त्याच्या शब्दांचा फुगा डावीकडं वर येतो. त्या आठवड्यात आक्का आधी बोलत होती, समोर तोंड करून. म्हणजे फुगा ज्या बाजूला, नेमकं त्याच बाजूला तिचं ते तलवारीसारखं लांबलचक उजवं शिंग. ते अक्षरांत घुसत होतं. फुगा छोटा केला तर सल्ला मावेना. सल्ला कापला तर ती आक्का राहीना. शनिवारी दुपारी पान जायचं होतं. मी सरळ उजवं शिंग अर्ध्यातून तोडलं आणि डावं लांब केलं. फुगा छान बसला.

रविवारी काका कधी येत नसत. त्या रविवारी आले. हातात अंक.

"हे काय आहे?"

"काय?"

"डावं मोडलंय आक्काचं. डावं. केसपेपर वाचत नाहीस का तू?"

"फुगा बसत नव्हता काका. एका आठवड्याचं तर आहे. कोण बघतंय?"

"कोण बघतंय," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मग आवाज चढला. "जनावराची खूण म्हणजे काय गंमत वाटली तुला? खूण चुकली की ते जनावर दुसऱ्याचं होतं. दुसऱ्याचं जनावर कोण ओळखणार? कशाला ओळखेल कोणी?"

ऑफिसात मशिनवाल्याशिवाय कोणी नव्हतं. त्यानंही हात थांबवला. मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हणाले, "तुमच्या म्हशीला घेऊन तुम्हीच काढत बसा मग."

ते गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. सोमवारी बाकावर नव्हते. मंगळवारी नव्हते. बुधवारी मी दोनदा जिन्याकडं जाऊन आले.

*

गुरुवारी पोस्टकार्ड आलं.

नाव नाही, गाव नाही. शिक्का उमरग्याचा. एकच ओळ, निळ्या शाईत:

'आक्काचं डावं शिंग मोडलं आहे, उजवं नाही. कडब्याच्या गाडीत अडकून मोडलं होतं.'

पहिल्यांदा मला आनंद झाला. पत्र आलं होतं. मग मी दुसरं वाक्य परत वाचलं. शिंग कशानं मोडलं हे आम्ही कधीच छापलं नव्हतं. मी केसपेपर काढून बघितला. त्यातही नव्हतं.

काकांची खोली मला माहीत नव्हती. विचारत विचारत गेले. ते स्टोव्हवर भात लावत होते. मला बघून म्हणाले, "ये. जेवणार का?" जणू भांडण झालंच नव्हतं. मी कार्ड पुढं केलं.

त्यांनी ते लगेच वाचलं नाही. आधी हात पुसले. मग चष्मा शोधला, जो त्यांच्या गळ्यातच होता. मग वाचलं. मग पालथं केलं, शिक्का बघितला, आणि परत सुलटं केलं.

"इंदूचं अक्षर आहे," ते म्हणाले.

भात करपल्याचा वास आला तेव्हा मी स्टोव्ह बंद केला.

इंदू त्यांची मुलगी. एकुलती. नऊ वर्षांपूर्वी तिनं तिच्या मनानं लग्न ठरवलं, मुलगा दुसऱ्या जातीचा होता. घरात बोलाचाली झाली आणि ती गेली. नंतर पत्र नाही, निरोप नाही. आई वारली तेव्हा कळवायला पत्ता नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोणी तरी सांगितलं होतं, इंदूला उमरग्याच्या बाजारात बघितली. तेवढंच.

"मग जाऊन शोधू की काका. उमरगा काय लांब आहे?"

"मागं लागून जायचं नाही. मागच्या वेळी गेलो होतो."

"मग काय झालं?"

"मग नऊ वर्षं झाली."

मी पातेलं स्टोव्हवरून खाली उतरवलं. नंतर म्हणाले, "बरं. परवा शिंग बरोबर काढते."

काकांनी कार्ड उशीखाली ठेवलं. पाठ माझ्याकडं होती.

"शिंग बरोबर काढ," ते म्हणाले. "हवालदाराचा कान चुकव."

"काय?"

"चीर डाव्या कानाला आहे ना. उजव्याला दाखव."

*

सहाव्या रविवारी चीर उजव्या कानाला.

सोमवार ते बुधवार छत्तीस पत्रं आली. शाळेतल्या मुलांची, एका निवृत्त मामलेदारांची, बार्शीच्या एका आजीची. कुत्र्याचा कान चुकला, लक्ष कुठं आहे तुमचं. माढ्याच्या एका मुलानं चारही जनावरं स्वतः काढून पाठवली, सगळ्या खुणांसकट, मला शिकवायला.

बिराजदारसाहेब गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नागमणी, तू मुद्दाम चुका करतेस का?"

"हो साहेब."

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाले. "पुढच्या वेळी कुठली?"

शब्दकोडं परत येणार नव्हतं, ते त्यांनी तिथंच सांगून टाकलं. पण बाकावर बसलेला माणूस त्यासाठी आलेला नव्हता. छत्तिसाव्या पत्राखाली सदतिसावं होतं. उमरगा.

'चीर डाव्या कानाला. आणि हवालदार इतका जाड नव्हता.'

"जाड नव्हता," काका म्हणाले. "खरं आहे. हिनं उगीच जाड केलाय." आणि बाकावर बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही पंजे कानांशी नेले आणि एकदा हलवले. शिपाई हसला. मीही.

*

सातवा रविवार.

सरपंचाच्या शेपटीत एकाऐवजी दोन पांढरी पिसं. हे काकांचं. पण शेवटच्या चौकटीत काहीतरी जोरदार पाहिजे म्हणून मी धन्याच्या चपला कडेला न ठेवता मधोमध, मोठ्या काढल्या. जवळजवळ सगळी चौकट भरून. मागं चौघं दबून बसलेले. हे माझं.

उमरग्याचं कार्ड बुधवारी आलं. त्यात पिसाचं नाव नव्हतं.

'चपला दाखवू नका. मुलं घाबरतात.'

काकांनी ते उभ्यानं वाचलं आणि बाकावर बसले.

"मुलं म्हणते," ते म्हणाले. "मुलं आहेत तिला. एक नाही. मुलं."

मी हो म्हणाले.

मग बऱ्याच वेळानं त्यांनी पहिला अर्धा भाग वाचला असावा. म्हणजे वाचला आधीच होता, पण आता तो त्यांच्यापर्यंत पोचला. चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तो अनेकदा काढून बघितलाय, जमलेला नाही.

"मणी," ते म्हणाले, "तिनं चप्पल बघितली."

"कुठं?"

"स्टँडवर."

*

(ही चौकट मी कधी काढली नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिते.)

"घरात मी नको ते बोललो. या दारात पुन्हा पाय ठेवलास तर, असलं काहीतरी. ओरडायचीच खोड माझी. ती पिशवी घेऊन निघाली. हवालदार भुंकत होता. मी ओट्यावर बसलो. अर्ध्या तासानं इंदूची आई बाहेर आली. म्हणाली, गाडी अकराची आहे. एवढंच म्हणाली. मी उठलो आणि पळालो. मोहोळ स्टँडच्या फाटकात चपलेचा अंगठा तुटला. फरफटायला लागली. पळता येईना. काढली आणि हातात घेतली. गाडी हलली होती. इंदू खिडकीत होती. मी हात वर केला. गाडी थांबवायला."

"कुठला हात?"

त्यांनी उजवा हात वर केला. तो रिकामा होता. पण मला त्यात चप्पल दिसली.

"तिनं माझ्याकडं बघितलं," ते म्हणाले, "आणि काच ओढून घेतली. नऊ वर्षं मला वाटत होतं, माझ्या बोलण्याचा राग आला म्हणून ओढली."

हात अजून वरच होता. त्यांना खाली घ्यायचं सुचलं नसावं.

*

"आठव्या रविवारी हेच काढायचं," मी म्हणाले.

"वेडी का काय. लोक हसतील."

"हसायलाच आहे ती मालिका."

"माझ्यावर हसतील."

"धन्यावर हसतील. तुम्हाला कोण ओळखतंय? एकटी ओळखेल."

ते आपल्या चपलांकडं बघत राहिले. मग उठले, टेबलासमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि उजव्या पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"नीट काढ," ते म्हणाले. "अंगठा तुटलेला दिसला पाहिजे. लांबून दिसत नाही. तिथंच घोटाळा झाला."

एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, हात वर. बिराजदारसाहेब बाहेर आले, त्यांनी बघितलं आणि या वेळी मान आत घेतली नाही. काकांचा हात दुखायला लागला तरी मी सांगेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. चपलेची अंगठ्याची वादी मी सात वेळा काढली. तुटलेली दिसत नव्हती, नुसती वाकडी दिसत होती. शेवटी काकांनी ती चप्पल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी ओढून खरोखरच तोडली.

"आता काढ," म्हणाले.

*

'गोठ्यातली मंडळी', आठवा रविवार.

एक. धुळीचा रस्ता. मोठी पावलं पळत येताहेत, एकात चप्पल, एक अनवाणी. वर हात, हातात चप्पल. सरपंच: "पळा रे. धन्यानं चप्पल काढली."

दोन. सगळे पळताहेत. उपाशी: "मला कशाला मारतो? माझा तर आज उपास आहे."

तीन. आक्का एकटी वळून उभी आहे. डावं शिंग मोडलेलं. बरोबर. चपलेची वादी तुटून लोंबतेय. आक्का: "थांबा की. अंगठा तुटलाय त्याचा." हवालदार, लांबून: "मग हातात कशाला घेतली?" आक्का: "पळता येईना म्हणून."

चार. फुगा नाही. जमिनीवर टेकलेले दोन अनवाणी पाय, बाजूला चप्पल. त्यांच्या मागं चौघं रांगेत येऊन बसलेत. लांब, अगदी बारीक, एसटीची मागची बाजू आणि धूळ. हवालदार तिकडं बघून भुंकतोय. भुंकण्याची अक्षरं मी लिहिली नाहीत.

"शेवटची चौकट रिकामी वाटतेय," बिराजदारसाहेब म्हणाले.

"असू दे साहेब."

त्यांनी काकांच्या पायांकडं बघितलं. ते अनवाणीच बसले होते. "असू दे," साहेबही म्हणाले.

*

सोमवार. सत्तेचाळीस पत्रं. लोक हसले होते. बऱ्याच जणांनी लिहिलं, आमच्या घरीही असंच.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. उमरगा नाही.

शुक्रवार. नाही.

शनिवार. काका बाकावर बसलेले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. मीच हट्ट केला होता.

रविवार. रविवारी टपाल नसतं. ते तरीही आले.

सोमवार. नाही.

मंगळवारी थैली ओतल्यावर शिपायानं स्वतःच ते वेगळं काढलं. त्यालाही शिक्का ओळखू यायला लागला होता. त्यानं ते मला दिलं नाही, थेट बाकावर नेऊन दिलं.

काकांनी वाचलं आणि माझ्याकडं दिलं.

'शिवून घेतली का?'

आणि खाली, पहिल्यांदाच, नाव. नावाखाली पत्ता. घर नंबर, गल्ली, कुठल्या गिरणीमागं, सगळं. पत्ता इतका सविस्तर की कार्डावर जागा उरली नव्हती.

"काय लिहू?" काकांनी विचारलं. "नाही शिवली. तोडली ती तर मी परत इथं."

"लिहू नका," मी म्हणाले. "मागं लागून जायचं नाही म्हणालात. पण बोलावल्यावर?"

*

शेवटची चौकट.

सोलापूर स्टँड, सकाळ. काका पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. आयुष्यात पहिल्यांदा घातलेले. पाय दुखत असावेत, कारण जरा उचलून उचलून टाकत होते.

"बूट कशाला काका?"

"चपला नकोत. मुलं घाबरतात."

डाव्या बुटाची नाडी सुटली होती. त्यांना ती बांधता येत नव्हती. जनावराला दावं बांधायची गाठ मारली होती, ती ताण पडला की घट्ट होते, पण बुटाला चालत नाही. मी खाली बसून दोन्ही नाड्या बांधल्या. वरून ते म्हणाले, "दुहेरी मार. परत पळायची वेळ आली तर सुटायला नको."

हातात पिशवी. पिशवीत नऊही रविवारचे अंक. रजिस्टर त्यांनी माझ्याकडं दिलं होतं, दहाव्या रविवारची चित्रं करायची म्हणून. ती मालिका पुढं अकरा वर्षं चालली आणि त्यात माझ्याकडून शेकडो चुका झाल्या, अर्ध्या मुद्दाम.

गाडी लागली. ते चढले आणि खिडकीशी बसले. काच सरकवली ती पूर्ण, शेवटपर्यंत. अडली तेव्हा बुक्की मारून सरकवली.

"काका, धन्याची भीती रिकामीच आहे," मी खालून म्हणाले. "काय लिहू?"

गाडी सुरू झाली. त्या आवाजात त्यांनी काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. मी हात हलवला.

त्यांनी हात हलवला नाही. खिडकीतून बाहेर डोकं काढलं, टोपी काढली, आणि दोन्ही पंजे कानांमागं धरले. चेहरा दगडासारखा. एकदा पुढं, एकदा मागं. फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत.